रेषा दिसेनाशा होईपर्यंत

॥ श्री ॥

लक्ष्मीनगर, नागपूर
९ ऑक्टोबर २०२३

रा. रा. महादेवराव ढोबळे यांसी,
दत्तोपंत हरकरे याचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. शिरस्त्याप्रमाणे लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवीत आहे. आपण मला ‘इवाईबुवा’ असे संबोधता. गावाकडे ते गोड वाटत असेल. कागदावर ‘व्याही’ लिहावे. राग मानू नये. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवले, त्यामुळे लाल पेन निवृत्तीनंतरही हातातून सुटत नाही. आपण खाणीच्या लॅम्प रूममध्ये मजुरांना टोपीचे दिवे वाटता. मिणमिणता दिवा आपणही तसाच पुढे देत नसाल.

चि. सौ. हर्षाची प्रकृती उत्तम आहे. पाचवा महिना नुकताच लागला. लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मला ठाऊक आहे. परंतु ती येथेच राहील. हॉस्पिटल आमच्या घरापासून अगदी जवळ आहे. आपल्या गावाहून सावनेर गाठायचे तरी तो रस्ता पार करावा लागतो, आणि तो रस्ता मी लग्नाच्या वेळी पाहिला आहे. चि. अर्णव पुण्याहून फोनवर हो म्हणाला. तो मला सहसा हो म्हणतो. लग्न ठरवताना तेवढे त्याने माझे ऐकले नाही, हे आपण जाणताच.

सूनबाईंची भाषा सुधारते आहे. ‘मले’, ‘तुले’ आता क्वचित ऐकू येते. चूक झाली की मी वाक्य पुन्हा म्हणायला लावतो. पाहुण्यांसमोर लावले तर लवकर लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

आता माझ्या कामाचे. मी एक पुस्तिका लिहितो आहे. येथल्या सदर भागातील एका छापखान्याशी बोलणेही झाले. विषय असा की, मावळत्या उजेडाला इंग्रजीत जे वेगवेगळे शब्द आहेत ते आपण मराठी माणसे सरसकट ‘संध्याकाळ’ म्हणून मोकळे होतो. सनसेट हा क्षण आहे. सूर्याची वरची कड क्षितिजाखाली गेली की तो संपला. त्यानंतर जो उजेड आकाशात मागे उरतो तो ट्वायलाइट. त्याच उजेडाचे काळवंडलेले शेवटचे टोक म्हणजे डस्क. थोडक्यात, ट्वायलाइट म्हणजे उरलेला उजेड आणि डस्क म्हणजे आलेला अंधार. ग्लोमिंग हा स्कॉटलंडकडचा शब्द, कवींनी जपलेला. त्यात थोडी हुरहूर आहे. आणि नाइटफॉल म्हणजे रात्र पडली, विषय संपला. आपल्या गावात या प्रत्येकाला काही वेगळे नाव आहे काय? असल्यास कळवावे. गावंढळ असले तरी चालेल, तळटीपेत घालता येईल.

सौ. पुष्पलताबाईंस नमस्कार. आपल्या घरी जिव्हाळा भरपूर दिसतो, त्यातला थोडा इकडेही वळवावा.

आपला,
दत्तोपंत


॥ श्री ॥

तालुका सावनेर, जि. नागपूर
१६ ऑक्टोबर २०२३

श्री. दत्तोपंत व्याहीबुवांस,
महादेवचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चुका पाहिल्या. ‘व्याही’ लिहिलं आहे. हात अजून ‘इ’कडेच वळतो, सांभाळून घ्यावं.

तुमचे शब्द मी कागदावर उतरून घेतले आणि चार-पाच दिवस ड्यूटीवरून येताना रस्त्यात बघत आलो. आमच्याकडं नावं थोडी आहेत, पण खुणा आहेत. दिवस बुडाला हा तुमचा सनसेट. त्यानंतर मोटारसायकलवाले दिवे लावतात, पण दिव्याचा उजेड रस्त्यावर पडत नाही, नुसता दिवाच दिसतो. तो ट्वायलाइट असावा. मग समोरून येणारा माणूस तोंडावरून ओळखू येत नाही, चालीवरून ओळखावा लागतो. त्याला डस्क म्हणायला हरकत नसावी. ग्लोमिंगचं मला कोडं पडलं होतं. परवा पऱ्हाटीच्या शेताजवळ थांबलो तर झाडं दिसत नव्हती, बांध दिसत नव्हता, फुटलेला कापूस तेवढा पांढरा दिसत होता. तो उजेड आकाशातला नव्हता, जमिनीतला वाटत होता. थोडा वेळ राहिला आणि गेला. तो तुमचा ग्लोमिंग असेल तर तो आमच्याकडंही येतो.

एक शब्द मात्र तुमच्या कुठल्याच शब्दात बसला नाही. तिन्हीसांज. तुमचे सगळे शब्द डोळ्यांचे आहेत, उजेड किती उरला ते सांगतात. तिन्हीसांज हा वागण्याचा शब्द आहे. त्या वेळी झोपू नये, भांडू नये, झाडू नये, लेकीला घराबाहेर पाठवू नये. दिवा लावून गप बसावं, एवढंच त्यात आहे.

त्यावरून एक विनंती करतो. हर्षाचं बाळंतपण तिकडंच होणार हे तुम्ही ठरवलं, ते मी मान्य केलं. पुष्पलताला ते जड गेलं. तिचं एवढंच म्हणणं आहे की दिवस भरेपर्यंत पोरीनं तिन्हीसांजेला उंबरा ओलांडू नये. पुष्पलताची मोठी बहीण गरोदरपणी अशाच वेळी बाहेर पडली आणि मग अंथरुणावरून उठली नाही. त्यामुळंच गेली असं मी म्हणत नाही. पण आईच्या मनात ते घर करून आहे. एवढा एक शब्द आमचा पाळावा. हर्षालाही मी तसं लिहितो. ती हट्टी आहे, पण माझ्या हातचं लिहिलेलं मोडत नाही.

विहीणबाई यमुताईंना आमचा नमस्कार. तुमचा लोभ आहेच. तो हर्षावर जरा जास्त असू द्यावा.

आपला नम्र,
महादेव


लक्ष्मीनगर
५ नोव्हेंबर २०२३

ती. बाबा व आई यांस,
हर्षाचा शि. सा. न.

बाबा, तुम्ही ते कापसाचं काय लिहून पाठवलंत? इथं त्याचा मोठा गोंधळ झाला आहे. मामंजींनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, मग मला विचारलं की तुझे वडील कविता करतात का. मी म्हटलं, नाही, दिवे वाटतात. ते हसले नाहीत. सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या, त्या हसल्या असाव्यात.

रोज संध्याकाळी आमची परीक्षा असते. मामंजी गच्चीवर उभे राहतात, मी त्यांची शाल घेऊन जायचं, आणि या घटकेला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायचं. बरोबर आलं की खाली यायचं. चुकलं की तिथंच थांबायचं, आकाश बघायचं आणि पुन्हा सांगायचं. मला कळलंय की गप्प उभं राहिलं तर आपोआप डस्क होतो आणि तेव्हा डस्क म्हणलं की सुटका होते. कमरेला थोडी कळ लागते. पण आई, काळजी करू नको, यात काही मोठं नाही, मी त्यांना मनातल्या मनात गच्चीवरचा हेडमास्तर म्हणते.

दिवाळीला अर्णव येईल. त्याला सांगितलं तर तो म्हणतो की बाबांचा स्वभाव तसा आहे, मनाला लावून घेऊ नकोस. तो आला की खूप झोपतो.

तिन्हीसांजेचं तुमचं पत्र मिळालं. घराबाहेर पडणार नाही. गच्ची घराबाहेर धरायची का, ते आईला विचारून कळवा.

बाळ खूप हलतं. शब्द चुकला की जास्त हलतं. मुलगी असणार.

तुमची,
हर्षा


॥ श्री ॥

लक्ष्मीनगर, नागपूर
२७ नोव्हेंबर २०२३

रा. रा. महादेवराव यांसी,
सा. न. वि. वि.

परवाचे डोहाळजेवण यथासांग पार पडले. आपण उभयता आलात, आनंद झाला. पुष्पलताबाईंनी आणलेल्या साडीचा रंग जरा भडक होता, परंतु यमुताईंनी ती ठेवून घेतली आहे.

आपण गेल्यावर माझे दोन जुने सहकारी बराच वेळ हसत होते. मी चारचौघांत आपल्याला सहज विचारले होते की, या घटकेच्या उजेडाला काय म्हणाल. त्यावर आपण म्हणालात की, या हॉलमध्ये ट्यूबलाइट लागल्या आहेत, इथून सांगता येणार नाही, प्राध्यापकांनी बाहेर येऊन बघावं. हशा पिकला. आपला हेतू सरळ होता, याची मला खात्री आहे. तरी आमच्या वर्तुळात ते वाक्य आता काही दिवस फिरेल असे दिसते. काल एकाने मला फोन करून बाहेर येऊन बघण्याचा सल्लाही दिला.

असो. ज्याला एवढे कळते त्याच्याकडून शिकावे. ‘तिन्हीसांज’ हा शब्द मी पुस्तिकेत घेणार आहे, तळटीपेत नव्हे, मुख्य मजकुरात, आपल्या नावानिशी. त्यासाठी मला नेमकी व्याख्या हवी. ती सुरू केव्हा होते आणि संपते केव्हा? खूण अशी द्यावी की कोणालाही पडताळून पाहता येईल. कापूस वगैरे नको, आमच्या गच्चीवर कापूस नाही. शिवाय सूनबाईंच्या बाबतीत आपण जो शब्द माझ्याकडून घेतला आहे तो अक्षरशः पाळायचा, तर त्याची हद्द मला ठाऊक असली पाहिजे.

हे विचारायला दोनदा संध्याकाळी फोन केला. लागला नाही. अर्थात नात्याचे बोलणे पत्रातूनच बरे. फोनवर माणूस काहीही बोलून मोकळा होतो.

आपली शिकवण आम्हांस मिळत राहो.

आपला,
दत्तोपंत


॥ श्री ॥

तालुका सावनेर, जि. नागपूर
३ डिसेंबर २०२३

श्री. दत्तोपंत व्याहीबुवांस,
महादेवचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या बोलण्यानं तुमची शोभा झाली हे वाचून वाईट वाटलं. मनात तसं काही नव्हतं. तुम्ही विचारलं, तर मला खरंच आतून दिसत नव्हतं, म्हणून बोललो. पुष्पलता घरी येताना बसमध्ये मला म्हणाली होती की तुम्हाला काहून बोलता येत नाही नीट, इवायाच्या घरी दोन शब्द कमी बोलले तर काय बिघडते. तिचं बरोबर होतं. माफी असावी.

तुमच्यासारख्या माणसानं माझं वाक्य छापायला मागितलं, ते मी तिला दोनदा वाचून दाखवलं. खाणीवरही सांगितलं. लोक म्हणाले, आता महादेवभाऊ पुस्तकात जाणार, मग दिवे कोण देणार.

तुम्ही हद्द विचारली. तिन्हीसांज दिवस बुडाला की सुरू होते, त्यात शंका नाही. संपते केव्हा ते मला माझ्या आजोबांनी दाखवलं होतं. अंगणात उभं राहायचं आणि आपला तळहात डोळ्यांसमोर धरायचा. हातावरच्या रेषा दिसतात तोवर तिन्हीसांज आहे. रेषा दिसेनाशा झाल्या, नुसता हात दिसतो, की ती संपली. मग रात्र. रात्रीला काही दोष नाही, रात्री लेकीला कुठंही न्यावं. ही खूण कोणालाही पडताळता येईल. घड्याळ लागत नाही, शिकलेलं असावं लागत नाही, हात तेवढा लागतो.

फोन लागला नाही त्याचं कारण असं की त्या वेळी मी तो बंद करून देवापुढं बसतो. दिवसभर दिवे द्यायचे, दिवे परत घ्यायचे, कोणाचा आला कोणाचा राहिला हे बघायचं. तेवढा वेळ एकच दिवा समोर असावा असं वाटतं. मागणं काही नसतं. अलीकडं हर्षाचं नाव घेतो.

चूकभूल पोटात घालावी. माझ्यावर राग राहिला असेल तर राहू द्यावा, पोरीवरचा लोभ त्यानं उणा होऊ नये.

आपला नम्र,
महादेव


॥ श्री ॥

लक्ष्मीनगर, नागपूर
११ जानेवारी २०२४

रा. रा. महादेवराव ढोबळे यांसी,
सा. न. वि. वि.

पुस्तिकेची प्रुफे सदरहून आली. कागद बरा आहे, टाइप थोडा बारीक झाला. होळीपर्यंत प्रती हाती येतील.

शनिवारी हॉस्पिटलच्या जिन्यात आपण मला एकच प्रश्न विचारला: घरून केव्हा निघालात. त्या गर्दीत उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. लेखी देईन असे म्हणालो होतो, ते देत आहे.

सूनबाईंना रक्तस्राव होऊ लागला, असे यमुताईंनी मला सांगितले तेव्हा सूर्याची कड नुकतीच गेली होती; सनसेट झालेला होता. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी ताबडतोब आणा म्हटले. डॉक्टर नेहमीच ताबडतोब म्हणतात. रिक्षा बोलावली, ती फाटकाशी येऊन उभी राहिली. त्या वेळी ट्वायलाइट होता. बाहेर वर्तमानपत्र वाचता येत होते. म्हणजेच आपली तिन्हीसांज सुरू झाली होती. सूनबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. त्यांनाही आपला शब्द ठाऊक होता.

मी आपले पत्र घेऊन गच्चीवर गेलो आणि तळहात समोर धरला. रेषा दिसत होत्या. खाली आलो, पुन्हा वर गेलो. आता डस्क लागला होता. रेषा दिसत होत्या. पुढे रस्त्यावरचे दिवे लागले आणि रेषा अधिकच स्पष्ट दिसू लागल्या. इंग्रजीत मी नाइटफॉल झाला असे म्हणू शकलो असतो. परंतु प्रश्न इंग्रजीचा नव्हता. आपण दिलेल्या व्याख्येनुसार तिन्हीसांज संपलेली नव्हती. आपल्याला विचारावे असे यमुताईंनी सुचवले. सूनबाईंनी स्वतः फोन लावून पाहिला. आपण देवापुढे होता.

शेवटी आपला शब्द मी मोडला नाही. सूनबाई आपण होऊन उठल्या, भिंत धरत फाटकापर्यंत गेल्या आणि रिक्षात बसल्या. यमुताई मागोमाग गेल्या. त्या घटकेलाही माझ्या हातावरच्या रेषा दिसत होत्या, हे मी शपथेवर सांगतो. तेव्हा आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे: तिन्हीसांज असताना निघालो, आणि निर्णय आपल्या कन्येचा होता.

पुढचे आपण पाहिलेच. मुलगी होती. आधी आणले असते तर, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. तो ‘आधी’ आपल्या व्याख्येत बसत नव्हता. मी स्वतः शकुन-अपशकुन मानीत नाही. पुष्पलताबाई मानतात. त्या वेळी उंबरा ओलांडल्याने काय झाले, याचा निष्कर्ष त्यांनी काढावा.

चि. अर्णव आला होता. त्याला आपले पत्र दाखवले. वाचून म्हणाला की, बाबांनी हर्षाच्या वडिलांच्याच शब्दाला मान दिला. सोमवारी तो पुण्याला गेला. सूनबाई येथेच राहतील. दुखणे माहेरी नेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

आपली व्याख्या पुस्तिकेत जशीच्या तशी घेतली आहे. सोबत संक्रांतीचा तिळगूळ. आपले मधुर संबंध असेच राहावेत.

आपला,
दत्तोपंत


लक्ष्मीनगर
१३ जानेवारी २०२४

ती. बाबा यांस,
हर्षाचा शि. सा. न.

आईला हे पत्र वाचून दाखवू नका.

दवाखान्यात तुम्ही माझ्या पायाशी उभे होतात आणि मी तोंड फिरवलं. तुमच्यावर रागावून नाही. तुम्ही काही विचाराल आणि मला सांगावं लागेल म्हणून.

मी बाकावर बसले तेव्हा समोरच्या घरात टीव्हीवर मालिका सुरू झाली होती. तिचं गाणं ऐकू आलं. नंतर ती संपली आणि दुसरी सुरू झाली, तिचंही गाणं ऐकू आलं. एवढा वेळ मी बसले होते. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, मग परत चालू करून पाहिलं, मग फाटकाशी येऊन विचारलं की बाई कोणाची वाट बघताय. मामंजींनी त्याला सांगितलं की वेळ व्हायची आहे. तो म्हणाला, ट्रेन आहे का. मला त्याही वेळी हसू आलं, आणि हसले की जास्त दुखत होतं.

सासूबाईंनी दोनदा त्यांना सांगितलं की साडी भिजली आहे. त्यांनी हात पुढे करून सासूबाईंना रेषा दाखवल्या. सासूबाई त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तो हात त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा, असं बघत होत्या.

मामंजी गच्चीवरून खाली आले की माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसत. ते रागावले नव्हते. आवाज अगदी गोड होता. माझा वेळ जावा म्हणून त्यांनी मला तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं वाचलं. आजोबांनी दाखवलेली खूण, देवापुढचा दिवा, अलीकडं हर्षाचं नाव घेतो ते. वाचून झाल्यावर म्हणाले, बघ, तुझ्या वडिलांना किती काळजी आहे.

मग त्यांनी मला विचारलं की या उजेडाला काय म्हणतात.

मी डस्क म्हटलं, बाबा. मला वाटलं बरोबर आलं की सोडतील. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि परत वर गेले.

मी तुमचा शब्द म्हणून बसले. बाळ हलत होतं तोवर बसले. हलायचं थांबलं, तेव्हा मी उठले.

अर्णवला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, तूच आधी उठायचं होतंस.

आता मला गच्चीवर नेत नाहीत. खोलीत असते. संध्याकाळी मामंजी दाराशी येतात, खिडकीकडे बघतात आणि विचारतात. मी उत्तर देते. बरोबर येतं.

बाबा, मले घेऊन जा.

हर्षा


तालुका सावनेर, जि. नागपूर
१६ जानेवारी २०२४

श्री. दत्तोपंत हरकरे यांस,
महादेव ढोबळे याचा नमस्कार.

पत्र आणि तिळगूळ पोचला. तिळगूळ परत पाठवत नाही, मुंग्यांना घातला.

तुम्ही लिहिलेलं सगळं मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खोटं कुठंही नाही. खूण मी दिली, शब्द मी घेतला, फोन मी बंद ठेवला. तुम्ही माझं पत्र नीट वाचलं, माझ्यापेक्षा नीट वाचलं. एक गोष्ट त्यात नव्हती. पोरीला रक्त जाऊ लागलं तर हात बघत बसू नका, असं मी लिहिलं नव्हतं. ते लिहावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्या लॅम्प रूममध्ये कामावर जाणाऱ्या प्रत्येकाचा दिवा ठरलेला असतो. पाळी सुटली आणि एखाद्याचा दिवा परत आला नाही, तर माणूस खाली राहिला असं धरतात आणि शोधायला उतरतात. त्या वेळी नियम काय आहे असं कोणी कोणाला विचारत नाही. मी इतकी वर्षं तिथं आहे, म्हणून मला वाटत होतं की सगळीकडं तसंच असतं.

आजोबांनी मला ती खूण दाखवली तेव्हा आमच्या गावात विजेचा खांब नव्हता. रस्त्यावर दिवे लागतात तिथं रेषा दिसेनाशा होत नाहीत. हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत, बाहेर या, असं तुम्हाला सांगणारा मीच, आणि तुमच्या दाराशीही रात्रभर दिवे असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्या खुणेनं लक्ष्मीनगरात तिन्हीसांज कधीच संपत नाही. हर्षा उठली नसती तर अजून त्या बाकावर बसलेली असती आणि तुम्ही गच्चीवर असता. हे तुमच्या पुस्तिकेत माझ्या नावाखाली छापा. नाव काढू नका.

तुमचं पत्र मी पुष्पलताला वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, पण मी तिच्यापासून कधी काही लपवून ठेवलं नाही. निष्कर्ष तिनं काढावा असं तुम्ही लिहिलं होतं, तो तिनं काढला. दिव्यात तेल घालून ती म्हणाली की पोरीनं अजून थोडं बसायले पाहिजे होतं. ती वाईट बाई नाही. तुमचं पत्र जिथं पोचायला हवं होतं तिथं पोचलं, एवढं तुम्हाला कळावं.

येत्या शनिवारी मी हर्षाला न्यायला येतो. सकाळी येणार नाही, रात्री येणार नाही. दिवस बुडाला की फाटकाशी येईन. त्या वेळेला तिला घराबाहेर काढायचं हे मी ठरवून करतो आहे. पुष्पलता सोबत येत नाही. तिन्हीसांजेला लेक उंबऱ्याबाहेर आणायला ती तयार नाही. मी एकटा येतो. देवापुढं दिवा तिला लावून ठेवायला सांगितलं आहे, माझी बसायची जागा त्या दिवशी मोकळी राहील.

अर्णवला कळवायचं असेल तर कळवा. हे पत्र दुरुस्त करून परत पाठवू नका, चुका मला तोंडावर सांगा. यमुताईंना सांगा की हर्षाची पिशवी भरून ठेवा आणि दार उघडं राहू द्या. मी येण्याआधी तिला उजेडाचं नाव विचाराल तर ती बरोबर सांगेल. तरी विचारू नका.

तुम्ही गच्चीवर असाल. हात समोर धराल. रेषा दिसत असतील, आणि मी तिला घेऊन गेलेला असेन.

लोभ मी तुमच्याकडं तिच्यासाठी मागत होतो. आता तो तुमच्याजवळच राहू द्यावा.

महादेव